पाया खचणे

पाया खचणे : बांधकामाचा भार खालच्या मातीला न पेलल्याने, किंवा त्या मातीचे आकारमान बदलल्याने बांधकाम खाली जाणे, कलणे अथवा भेगाळणे. बोलीत ‘घर बसले’, ‘जोते खचले’ असे म्हणतात. काळ्या मातीत पाया वर उचललाही जातो. तो प्रकारही याच नोंदीत घेतला आहे.

माती भाराखाली चिरडत नाही, ती आतल्या आत सरकते. या सरकण्याला होणारा विरोध म्हणजे कर्तन-सामर्थ्य. कणांना एकमेकांशी धरून ठेवणारे संसंजन आणि कणांमधील घर्षण अशी त्याची दोन अंगे फ्रेंच अभियंता कूलाँ याने दाखवली. त्याचा निबंध १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीत वाचला गेला आणि १७७६ मध्ये छापला गेला. म्हणून ग्रंथांत दोन्ही साले आढळतात; छापील साल धरणे बरे. घर्षण कणांच्या परस्परदाबावर अवलंबून असते, पोकळ्यांतल्या पाण्याच्या दाबावर नव्हे, हे मृदायांत्रिकीचे (मातीच्या बल-शास्त्राचे) प्रवर्तक कार्ल तेर्झागी यांनी १९२०–३० च्या दशकात स्पष्ट केले. पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब वाढला की कणांचा परस्परदाब घटतो. उन्हाळ्यात टणक असलेली माती पावसाळ्यात का दगा देते, याचे उत्तर बव्हंशी यातच आहे.

पायाखालची माती तुटते तेव्हा तळाची पाचर खाली दबते आणि बाजूची माती वर फुगून येते. या आकृतीचे गणित जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांनी १९२० च्या सुमारास धातूंसाठी मांडले होते. तेर्झागींनी १९४३ मध्ये ते पायांना लावले. पाण्याने भरलेल्या चिकणमातीवर भार झटकन आला तर लांबट पायाची अंतिम धारणक्षमता (माती तुटण्यापूर्वी पेलता येणारा सर्वाधिक दाब) संसंजनाच्या ५.१४ पट (प्रांटल) की ५.७ पट (तेर्झागी), असा भेद जुन्या पाठ्यपुस्तकांत दिसतो. तेर्झागींनी पायाचा तळ खडबडीत धरला होता, म्हणून त्यांचा आकडा मोठा आहे. मात्र नंतरच्या काटेकोर विश्लेषणात तळ गुळगुळीत असो वा खडबडीत, उत्तर ५.१४ च येते. भारतीय मानक ६४०३ (१९८१) मध्येही हाच आकडा आहे आणि तोच वापरावा. प्रत्यक्षातले अभिजात उदाहरण कॅनडातील ट्रान्सकोना येथील धान्यकोठाराचे. १९१३ मध्ये कोठार पहिल्यांदाच भरताना ते सुमारे २७ अंशांनी कलले. पुढे १९५० च्या दशकात तपासलेल्या मातीवरून काढलेली धारणक्षमता त्या वेळच्या भाराशी चांगली जुळली.

नाशिक परिसरात मात्र भाराने माती तुटण्यापेक्षा पाण्याने माती हलणे हे अधिक मोठे कारण आहे. सिन्नर, निफाड, येवला या पूर्वेकडील पट्ट्यातली काळी माती माँटमोरिलोनाइट गटातील खनिजांनी भरलेली असते. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते, वाळली की आक्रसून तिला खोल भेगा पडतात. घराच्या मध्याखालची माती ओलसर राहते, कडेची दरवर्षी भिजते आणि वाळते. त्यामुळे कोपरे हलतात, दारे अडकतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. फुगण्याचा दाब एकमजली घराच्या भाराहून जास्त भरू शकतो, म्हणून जड इमारतीपेक्षा हलके घर, कुंपणभिंत आणि कालव्याचे अस्तर यांनाच अधिक सोसावे लागते. घर साधे आहे म्हणून पाया वरवरचा घालणे ही या मातीतली सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

या मातीच्या उत्पत्तीविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. काहींनी ती सरोवरातला वा खाडीतला गाळ मानली, काहींनी बेसाल्ट जागीच कुजून झालेली. बेसाल्टचा पक्ष आता सर्वमान्य आहे. दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तरीही नदीकाठचे जाड थर वाहून आलेले दिसतात, त्यामुळे गाळाचा पक्ष अगदीच निराधार नव्हता. पायाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे : जागच्या मातीखाली मुरूम बहुधा लवकर लागतो, वाहून आलेल्या मातीत तो किती खोल हे खणल्याशिवाय सांगता येत नाही. काळ्या रंगाचे श्रेय पूर्वी कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला देत. पण ते पुष्कळदा एक टक्क्याहूनही कमी असते. काहींनी टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट हे काळे लोहखनिज सुचवले. चिकण खनिजांशी घट्ट बांधल्या गेलेल्या अल्प सेंद्रिय द्रव्याचे स्पष्टीकरण अधिक पटते.

गावगाड्यात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत. घरे काळीबाहेर बांधण्याचे शहाणपण यात असावे असे सुचवले जाते. परंतु पांढरी ही बरीचशी पडलेल्या मातीच्या भिंती आणि राख यांनीच बनलेली असते, तेव्हा तिचा रंग हा वस्तीचा परिणाम समजणे सयुक्तिक. अशी जमीन भरावासारखी विषम आणि पोकळ असते. नाशिकमध्ये गोदाकाठच्या काझीच्या गढीची (जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडाची) कड पावसाळ्यात ढासळते, ते उतार खचण्याचे उदाहरण होय. पुरात लोकांचे लक्ष गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले याकडे असते. मातीच्या काठाला खरा धोका पूर ओसरताना असतो. बाहेरचा पाण्याचा आधार निघून जातो आणि आतली माती अजून भिजलेलीच असते.

उपाय : काळा थर काढून मुरमावर पाया घेणे सर्वांत खात्रीचे. थर जाड असल्यास खाली फुगीर कंद असलेले खांब (कंदाचा व्यास खांबाच्या साधारण अडीचपट) ओलावा बदलणाऱ्या थराखाली नेऊन रोवतात. ही पद्धत भारतात रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रूढ केली. कालव्यांसाठी मुंबईच्या आयआयटीतील रा. कृ. कट्टी यांनी न फुगणाऱ्या संसंजक मातीचा थर सुचवला. माती किती फुगते याची साधी चाचणी अशी : १० ग्रॅम कोरडी चाळलेली माती एका नळीत पाण्यात, दुसरीत केरोसीनमध्ये २४ तास ठेवतात. केरोसीनमध्ये ती फुगत नाही. दोन्ही आकारमानांतला फरक टक्केवारीत मांडतात.