पार्श्वभूमी : कॉफीवरची सावली का विरळ झाली

देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, तीही मुख्यतः कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन या तीन जिल्ह्यांत. तिथला जुना मळा लांबून रानच वाटतो. वर फणस, उंबर, शिसवी, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल आणि खाली कॉफी. ही रचना कोणाच्या निसर्गप्रेमातून उभी राहिलेली नाही. ती आली किडीच्या भीतीने, आणि आता विरळ होते आहे ती भावापायी आणि कायद्यापायी.

सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मोठी लागवड मात्र एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी केली, तीही अनेक ठिकाणी रान सपाट करून. १८६० च्या दशकात खोडकिड्याने उघड्यावरच्या बागांची वाट लावली, तेव्हा सावलीचं मोल कळलं. पाठोपाठ तांबेरा आला. पानाच्या मागे नारिंगी भुकटी, मग पानगळ. १८६९ मध्ये सिलोनला गाठलेल्या या बुरशीने तिथली कॉफी संपवली आणि त्या डोंगरांवर चहा आला. भारतातली कॉफी तगली, पण तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या वाणांच्या शोधात पुढची कित्येक दशकं गेली. १९२५ मध्ये चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला सुरू झालेलं कॉफी संशोधन केंद्र त्याच धडपडीतलं.

१९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाची व्यवस्था आली. मळेवाल्याने माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालायचा, पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे. पैसे उशिरा मिळत, भाव मात्र एकदम कोसळत नसे. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची, देशोदेशींच्या निर्यातीला मर्यादा घालून भाव सावरणारी कोटा पद्धत मोडली, १९९१ मध्ये सोव्हिएत संघासारखं मोठं गिऱ्हाईक नाहीसं झालं आणि १९९६ पर्यंत विक्री पूर्ण खुली झाली. आधी खुल्या बाजाराने चांगले दिवस दाखवले. मग २००१-०२ मध्ये जगभरचे भाव असे आपटले की तोडणीची मजुरी निघेना.

अशा वेळी मळेवाला लाकूड विकायला म्हणून वरच्या झाडाकडे पाहतो. इथे कायद्याची एक गंमत आहे (मळेवाला तिला गंमत म्हणणार नाही). देशी झाड तोडायला वनखात्याची परवानगी लागते. कोडगूत तर ब्रिटिश काळापासून काही जमिनींवरच्या लाकडाचं मूल्य सरकारला भरलेलंच नाही; तिथे जमीन मालकाची आणि झाड सरकारचं. सिल्व्हर ओकला हा जाच नाही. शरद पवारांच्या बंगल्यामुळे हे नाव आपल्या कानांवर असतं. झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. सरळसोट, भराभर वाढतं, मिरी चढवता येते आणि अडीअडचणीला विकता येतं. मग जुना उंबर गेला की त्याच्या जागी सिल्व्हर ओक लागतो. झाड वाचवायला केलेल्या नियमानेच देशी झाड लावणं आतबट्ट्याचं करून ठेवलं.

दुसरा बदल कॉफीच्या प्रजातीचा. दाट सावली मागणाऱ्या, खोडकिड्याला बळी पडणाऱ्या अरेबिकाची जागा अनेक ठिकाणी रोबस्टाने घेतली. आज देशातली दोनतृतीयांशाहून अधिक कॉफी रोबस्टा आहे. तिला ऊन जास्त चालतं, पण फुलोऱ्याचा पाऊस वेळेवर हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो चुकला की तळ्यांवर पंप लागतात आणि तुषार सिंचनाने फुलं आणली जातात. यातला कोडगू तर कावेरीच्या उगमाचाच मुलूख आहे.

मजुरांची गोष्ट याहून जुनी आणि कडू. जेनू कुरुब, यरव या आदिवासींचं रान आधी राखीव झालं, आणि त्यांतली अनेक कुटुंबं मळ्यांच्या लाइनींत (मजुरांच्या चाळवजा खोल्यांत), मालकाच्या उचलीखाली राहत आली. आता त्यांच्या सोबतीला आसामकडून मजूर येतात. पहाटे मळ्यात हत्ती समोर आला, तर तोही आधी मजुरालाच गाठतो.

भारतीय कॉफीचं सर्वात मोठं गिऱ्हाईक युरोप. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल घ्यायचा नाही, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला. त्याची अंमलबजावणी लांबत गेली आहे. त्यात मळ्याचे अक्षांश-रेखांश विचारले जातात. देशातले बहुतेक सगळे उत्पादक दहा हेक्टरांच्या आतले, त्यामुळे कागदपत्रांचा भार त्यांच्यावरच. आणि कॉफीचा मळा या कायद्याच्या लेखी शेती असल्याने, उंबर जाऊन सिल्व्हर ओक आला याची नोंद त्यात कुठेच होत नाही.