जंतुसंसर्ग, वार आणि मृतजन्म

जगात दरवर्षी सुमारे 19 लाख बाळं मृत जन्मतात. गर्भारपणाचे 28 आठवडे पूर्ण झाल्यानंतर बाळ जिवंतपणाच्या कुठल्याही खुणेविना जन्मलं, तर जागतिक आकडेवारीत ते मृतजन्म म्हणून मोजलं जातं. यातली 40 टक्क्यांहून जास्त बाळं कळा सुरू होईपर्यंत जिवंत असतात. बाकीची त्याआधीच पोटात दगावलेली असतात, आणि त्यातल्या अनेकांच्या कागदांवर ‘कारण अज्ञात’ एवढाच शेरा पडतो. मग घरातले लोक आईचं खाणंपिणं, उठणंबसणं, प्रवास असं सगळं उकरून काढतात. हा तिच्यावर फार मोठा अन्याय आहे, कारण यातल्या कित्येक मृत्यूंमागे असा संसर्ग असतो, ज्याची तिला कधी चाहूलही लागलेली नसते.

संसर्गाने बाळ गेलं म्हणजे जंतू बाळाच्या शरीरात शिरले, असं आपण गृहीत धरतो. पुष्कळदा तसं नसतं. मधे वार असते, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला प्राणवायू आणि पोषण पोचवणारा अवयव (प्लासेंटा). वारेच्या असंख्य बारीक फांद्या आईच्या रक्तात बुडालेल्या असतात आणि त्यांच्यावर पेशींचं एक सलग आवरण असतं. इथल्या पेशी एकमेकींत विरघळून एकच होतात. त्यामुळे दोन पेशींमधली फट, जी जंतूंना आत शिरायला हवी असते, ती इथे नसतेच. मात्र जंतूंना रोखून धरताना वारेलाच इजा झाली, तर बाळाचा प्राणवायू तुटतो.

कोविडच्या साथीत हे स्पष्ट दिसलं. 12 देशांतल्या 68 मृत बाळांच्या वारा तपासल्या, तेव्हा त्यांचा सरासरी तीन चतुर्थांशांहून अधिक भाग निकामी झालेला आढळला. वारेच्या फांद्यांभोवती गोठलेल्या प्रथिनाचा थर साचला होता आणि वरचं आवरण मरून गेलं होतं. बाळं गेली ती श्वास कोंडल्यामुळे. विषाणूने त्यांच्या अवयवांवर हल्ला केल्याची लक्षणं सहसा नव्हती. यातल्या कुठल्याही आईने लस घेतलेली नव्हती. काहींचा आजार तर अगदी सौम्य होता.

फाल्सिपेरम नावाच्या परजीवीमुळे होणाऱ्या मलेरियाचा मार्ग वेगळा. या परजीवीने ग्रासलेल्या लाल पेशी आपल्या पृष्ठभागावर एक खास प्रथिन आणतात आणि त्याच्या आधारे वारेतल्या एका शर्करायुक्त रेणूला चिकटून बसतात. आईच्या बोटातून घेतलेल्या रक्तात परजीवी दिसले नाहीत, तरी वारेत ते गच्च भरलेले असू शकतात.

काही जिवाणू रक्तातून न येता योनीमार्गातून वर चढतात, पाणमोटीत शिरतात आणि गर्भजलात वाढतात. इथे मात्र बाळच थेट सापडतं, कारण ते तेच पाणी गिळत असतं. अमेरिकेत बारकाईने तपासलेल्या 512 मृतजन्मांपैकी 66 संसर्गामुळे झाल्याचं दिसलं. त्यात सर्वांत जास्त वेळा सापडला तो आतड्यात नेहमी राहणारा ई. कोलाय. गरीब देशांत संसर्गाचा वाटा याहून मोठा मानला जातो.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो उपदंश, म्हणजे गरमी. बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत त्याचं निदान होतं आणि बेन्झाथिन पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आई आणि पोटातलं बाळ दोघांवरही उपचार होतात. संसर्ग नुकताच झालेला असेल तर एक इंजेक्शन पुरतं. तरीही 2022 साली जगात सुमारे दीड लाख गर्भपात आणि मृतजन्म उपदंशामुळे झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातल्या अनेक स्त्रियांनी दवाखान्याच्या फेऱ्या केलेल्या असतात. फक्त ही एक तपासणी राहून जाते, किंवा निदान होऊनही उपचार होत नाहीत. तपासणी पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी आणि जोडीदारावरही उपचार हवेत, नाहीतर संसर्ग परत येतो.

संसर्ग हेच कारण होतं, हे सिद्ध करणं मात्र सोपं नाही. वार बाहेर येताना योनीमार्गातले जंतू तिला लागतातच, त्यामुळे नुसता जंतू सापडला म्हणून भागत नाही. रोगनिदानतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली शरीराचा प्रतिसाद शोधतात. पाणमोटीच्या पडद्यात जमलेल्या पांढऱ्या पेशी बहुधा आईच्या असतात. पण नाळेच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी बाळाच्या स्वतःच्या. त्या दिसल्या तर संसर्ग पोचला तेव्हा बाळ जिवंत होतं आणि प्रतिकार करत होतं, हे कळतं.

हा पुरावा वारेतच असतो, आणि वार तर बहुतेकदा फेकून दिली जाते. मृतजन्मानंतर ती तपासणीला पाठवा, असं घरच्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावं. शवविच्छेदन नको असलं तरी ही तपासणी होऊ शकते. तिच्यातून पुढच्या गर्भारपणाची दिशा ठरते. उपदंश निघाला तर पुढच्या वेळेआधी तो पूर्ण बरा करता येतो. बाळाच्या रक्तपेशींची निर्मिती बंद पाडून त्याला तीव्र रक्तक्षय करणारा पार्वोव्हायरस बी19 निघाला, तर आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती सहसा आयुष्यभर टिकते आणि पुढच्या बाळाला त्या विषाणूची भीती उरत नाही.