चॅल्कोजेनाइड पेरोव्हस्काइटची पातळ पटले

पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिक संरचनेत ऑक्सिजन किंवा हॅलोजनच्या जागी गंधक अथवा सेलेनियम असलेल्या संयुगांचे, सौर घटासाठी काचेवर वा अन्य पायावर चढवलेले थर. प्रमुख संयुग बेरियम झिर्कोनियम सल्फाइड. त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा होण्यास लागणारी किमान ऊर्जा) सु. १.७ ते १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून प्रकाशाचे शोषण इतके तीव्र, की अर्ध्या मायक्रोमीटरहून कमी जाडीही पुरते.

हे संयुग हान व मुश्के यांनी १९५७ च्या सुमारास मिळवले असे मानतात. तथापि त्याची विकृत ऑर्थोऱ्हाँबिक (तीन असमान, परस्परलंब अक्षांची) संरचना लेलीव्हेल्ड व आयडो यांच्या १९८० मधील अभ्यासाने पक्की झाली. सौर घटाच्या दिशेने संशोधन वाढले ते २०१५ मधील सैद्धांतिक गणितानंतर.

खरी अडचण तापमानाची आहे. जुन्या पद्धतीत बेरियम झिर्कोनेटचा (याच धातूंच्या ऑक्साइडचा) थर कार्बन डायसल्फाइडच्या वाफेत ९०० ते १,०५० अंश सेल्सिअसला काही तास तापवून ऑक्सिजनच्या जागी गंधक आणतात. झिर्कोनियम-ऑक्सिजन बंध बळकट असल्याने एवढी उष्णता लागते. साधी काच सु. ६०० अंशांच्या आतच मऊ पडते, म्हणून क्वार्ट्झ किंवा सफायर वापरावे लागते. घटाच्या मागील बाजूने वीज वाहून नेणाऱ्या मॉलिब्डेनमच्या थराचेही सल्फाइड होते. कार्बन डायसल्फाइड विषारी असून सु. ९० अंशांना आपोआप पेटतो.

दुसऱ्या मार्गात ऑक्सिजन टाळून बेरियम व झिर्कोनियम स्पटरिंगने (निर्वातात आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून) बसवतात आणि गंधकाच्या वाफेत तापवतात. गंधक पुरेसे जास्त असेल तर द्रवरूप बेरियम पॉलिसल्फाइड (जादा गंधकाचे सल्फाइड) तयार होते व त्यातून ५५० ते ६०० अंशांनाच स्फटिक वाढतात. गंधकाचा दाब घटला तर हा द्रव घट्ट होऊन अभिक्रिया अडते. तापवण्याच्या नळीत ऑक्सिजनचा अंश राहिला तर झिर्कोनियम डायऑक्साइड तयार होतो व नंतर निघत नाही. त्यामुळे सीलबंद नळीत हाफ्नियम हायड्राइडसारखा ऑक्सिजनशोषक ठेवतात. बेरियमचे थर दमट हवेत कार्बोनेट धरतात. पावसाळ्यात ते ग्लोव्ह बॉक्समधून (निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीतून) थेट भट्टीत न्यावेत.

मराठवाड्यातील प्रयोगशाळांना कॅडमियम सल्फाइडसाठी परिचित असलेली रासायनिक स्नान पद्धत (क्षारांच्या द्रावणात पाया बुडवून थर बसवणे) येथे चालत नाही. पाण्यात झिर्कोनियमचे हायड्रॉक्साइड बसते, आणि तापवल्यावर त्याचाही ऑक्साइडच होतो. या प्रदेशाच्या दृष्टीने संयुगाचे महत्त्व मात्र मोठे आहे: उन्हाळ्यात हवा ४० अंशांपलीकडे गेली, की पॅनेल ६० अंशांच्या वर तापते. शिसे-हॅलाइड पेरोव्हस्काइट अशा तापात व दमटपणात सहसा दीर्घकाळ टिकत नाही. हे सल्फाइड टिकते, त्यात शिसेही नाही.

घटांची कार्यक्षमता अद्याप अत्यल्प आहे. स्फटिकातील गंधकाच्या रिक्त जागांमुळे इलेक्ट्रॉनांची संहती फार वाढते, हे त्याचे एक संभाव्य कारण.