सी-सिक्स की ए-मायनर-सेव्हन? कॉर्डच्या दुहेरी नावांची पार्श्वभूमी

धान निघाले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या गावोगावी मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि त्यांच्या जोडीने रात्रभर रंगणारी नाटके. वडसा हे या सगळ्याचे केंद्र. ऑर्गन आणि तबल्याच्या शेजारी आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही येऊन बसले आहेत. कीबोर्डवर बसणारी बरीच मुले गावच्या भजनी मंडळातल्या पेटीवरून तिथवर पोचलेली असतात. चाल कानाने उचलायची आणि कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गुच्छ, मोबाइलवर पाहून वहीत उतरवायच्या, ही त्यांची रीत. अशा वहीत एक कोडे हमखास सापडते. त्याच गाण्याच्या त्याच जागेवर एकाने सी-सिक्स लिहिलेले असते, दुसऱ्याने ए-मायनर-सेव्हन. बोटे मात्र दोन्ही वेळा त्याच चार पट्ट्यांवर पडतात. मग खरे नाव कोणते?

हे कोडे कोणाच्या अज्ञानातून आलेले नाही. युरोपातल्या चर्चसंगीतापासून न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांपर्यंत अनेक पिढ्यांनी ते हाताळले आहे, आणि प्रत्येक पिढीने आपापल्या सोयीने त्याचे उत्तर लिहून ठेवले आहे. आपल्या हातात येणारी कॉर्डची नावे म्हणजे या सगळ्या उत्तरांची सरमिसळ.

आधी स्वर पाहू. सी-सिक्समध्ये सी, ई, जी, ए हे चार स्वर. पेटीच्या भाषेत पांढरी एक, तीन, पाच आणि सहा. पांढरी एकला षड्ज मानला तर सा, ग, प, ध. ए-मायनर-सेव्हनचे स्वर ए, सी, ई, जी. म्हणजे ध, सा, ग, प. स्वर तेच, फक्त आधाराचा स्वर बदलला. पहिल्या नावात इमारत सा वर उभी आहे, दुसऱ्यात ध वर. कॉर्डचे नाव केवळ स्वरांची यादी देत नाही. या स्वरांपैकी मूळ कोणता मानायचा, तेही सांगते. पाश्चात्त्य संगीतात त्याला रूट म्हणतात.

रागदारी ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर एकच: सा, रे, ग, प, ध. तरी भूपात गंधार राज्य करतो आणि देशकारात धैवत, त्यामुळे दोन्ही राग वेगळे ओळखू येतात. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही तसेच. नुसते स्वर कागदावर मांडून राग ठरत नाही, चलन, म्हणजे स्वर कसे फिरतात ते, पाहावे लागते. कॉर्डच्या नावाचा वाद नेमका याच जातीचा आहे.

युरोपात १६००च्या सुमारास ऑर्गन वाजवणाऱ्याला पूर्ण कॉर्ड लिहून देत नसत. फक्त खर्जातला स्वर लिहायचा आणि त्याच्याखाली आकडे द्यायचे: ६, किंवा ६ आणि ५. सर्वांत खालच्या स्वरापासून मोजत तिसरा, पाचवा, सहावा स्वर वाजवायचा, एवढाच त्याचा अर्थ. या पद्धतीत रूटचा विचारच नव्हता, त्यामुळे संदिग्धताही नव्हती. हाताला काय करायचे ते कागद सांगत होता, कॉर्ड कोण आहे हे विचारत नव्हता.

तो प्रश्न ठामपणे विचारला फ्रान्सचे संगीतकार जाँ-फिलिप रामो यांनी. १७२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी मांडले की सी-ई-जी आणि ई-जी-सी या दोन कॉर्ड नाहीत; एकाच मूळ स्वराची ती दोन रूपे आहेत. आज जगभर कॉर्डला रूटचे नाव देतात, ते या विचारावर. पण रूट शोधायला निघालेल्या रामोंनाच पहिली अडचण भेटली, आणि ती आपल्या वहीतलीच होती. एफ, ए, सी, डी हे चार स्वर घ्या: पांढरी चार, सहा, एक, दोन. हे एफ मेजर (एफ, ए, सी) आणि वर एक जादा सहावा स्वर आहे, की डी-मायनर-सेव्हन उलटे, म्हणजे डी खाली न ठेवता, धरले आहे? रामोंचे उत्तर मला आजही सर्वांत शहाणे वाटते. ते म्हणाले, ही कॉर्ड पुढे कुठे जाते ते पाहा. ती थेट सीवर उतरली तर तिचा रूट एफ. ती जीकडे वळली आणि मग सीवर आली तर तिचा रूट डी. कधी कधी तर ती एफ म्हणून येते आणि डी म्हणून निघून जाते. या प्रकाराला त्यांनी ‘दुहेरी वापर’ असेच नाव दिले.

१९व्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीच्या गॉटफ्रीड वेबर यांनी कॉर्डना रोमन आकडे देण्याची पद्धत रुळवली. मेजरला, म्हणजे शुद्ध गंधाराच्या कॉर्डला, मोठा आकडा; मायनरला, म्हणजे कोमल गंधाराच्या कॉर्डला, लहान. कॉर्डचे पट्टीतले स्थान त्यातून कळू लागले. पण १८६५ साली म्युनिकमध्ये वाग्नर यांचा ‘ट्रिस्टन’ हा ऑपेरा रंगमंचावर आला आणि त्याच्या सुरुवातीच्याच एका कॉर्डने या पद्धतीची दमछाक केली. एफ, बी, डी-शार्प आणि जी-शार्प (शार्प म्हणजे अर्ध्याने चढा, फ्लॅट म्हणजे अर्ध्याने उतरा). आजचा जॅझवाला हे स्वर ऐकून चटकन ‘एफ हाफ-डिमिनिश्ड’, म्हणजेच एफ-मायनर-सेव्हन-फ्लॅट-फाइव्ह, म्हणेल. वाग्नर यांनी मात्र ते वेगळ्या अक्षरांनी लिहिले आणि पुढे वेगळ्या दिशेने नेले. त्या एका कॉर्डच्या नावावर पंडितांनी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली आहेत.

अमेरिकेत गोष्ट अगदी व्यवहारी कारणाने पुढे गेली. १९२०च्या दशकात तिथे युकुलेलेची लाट आली होती. घरी गाणाऱ्यांसाठी छापलेल्या गाण्यांवर या चार तारांच्या वाद्याच्या बोटांच्या आकृत्या आणि कॉर्डची नावे छापली जाऊ लागली. आता एक मजेची गोष्ट पाहा. युकुलेलेच्या प्रचलित जुळणीत चार मोकळ्या तारा असतात जी, सी, ई आणि ए. एकही बोट न लावता वाजवले की तेच सी-सिक्स, किंवा तेच ए-मायनर-सेव्हन. या वाद्यात खर्ज नाही, त्यामुळे खालचा स्वर पाहून नाव ठरवायचीही सोय नाही. छापील गाण्यांत त्या काळी सिक्स आणि मायनर-सिक्स ही नावे सढळ हाताने वापरलेली दिसतात. आज ज्या जागी आपण मायनर-सेव्हन-फ्लॅट-फाइव्ह लिहू, तिथे जुन्या कागदावर अनेकदा मायनर-सिक्स सापडते.

या दोन नावांतली सर्वांत बोलकी साक्ष जॅझचे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांनी दिली आहे. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये थेलोनियस मंक पियानो वाजवत. आपल्या आत्मचरित्रात गिलेस्पी सांगतात की मंक यांनी त्यांना एक कॉर्ड दाखवली आणि तिला ‘मायनर-सिक्स, सहावा स्वर खर्जात’ म्हटले. म्हणजे ई-फ्लॅट मायनर-सिक्स, खाली सी. पुढच्या पिढीने तिचेच नाव सी-मायनर-सेव्हन-फ्लॅट-फाइव्ह केले, आणि दोन्ही एकच आहेत, असेही गिलेस्पी बजावतात. पेटीवर वाजवून पाहा: पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, काळी पाच. उजव्या हाताने तीन काळ्या धरल्या की ई-फ्लॅट मायनर उभे राहते, डाव्या हाताने खाली पांढरी एक दिली की काम झाले. मंक यांचे नाव हाताला लगेच सापडते. नवे नाव कॉर्डची दिशा सांगते, कारण सीवर उभी असलेली ही कॉर्ड सहसा एफ-सेव्हनकडे ओढ घेते. मला मंक यांचे नाव कमी शास्त्रीय वाटत नाही. ते वाजवणाऱ्याचे नाव आहे, दुसरे समजावणाऱ्याचे.

याच पिढीने आणखी एका दुहेरी कॉर्डचा भरपूर उपयोग केला. सी-सेव्हन घेऊन त्याचा पाचवा स्वर अर्ध्याने खाली आणा: पांढरी एक, पांढरी तीन, काळी तीन, काळी पाच. आता जी-फ्लॅट-सेव्हन घेऊन तेच करा. चारही पट्ट्या त्याच निघतात. एका नावाने ही कॉर्ड एफवर उतरते, दुसऱ्या नावाने बीवर, आणि ती दोन घरे सप्तकाच्या अगदी समोरासमोरच्या टोकांना आहेत. डिमिनिश्ड-सेव्हनची तर चार नावे होतात, कारण तिचे चारही स्वर एकमेकांपासून सारख्याच अंतरावर असतात. बारा स्वरांवर बारा डिमिनिश्ड लिहिता येतात, पण पेटीवर वेगळ्या पकडी तीनच. पांढरी सात, दोन, चार आणि काळी चार ही त्यांतली एक. तिच्यातल्या काळी चारला ए-फ्लॅट म्हटले की कान सी-मायनरची वाट पाहतो, जी-शार्प म्हटले की ए-मायनरची. पेटीच्या नावांत काळी चार ही फक्त काळी चार. जागा अचूक सांगणारी ही पद्धत आहे, पण स्वर कुठे निघाला आहे हे ती सांगत नाही.

नावे पसरली ती कार्डांवरून. १९४२ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज गुडविन यांनी ‘ट्यून-डेक्स’ नावाची कार्डे काढली: एका लहानशा कार्डावर चाल, शब्द आणि वर कॉर्डची अक्षरे. ती रेडिओ आणि संगीत व्यवसायातल्या लोकांसाठी होती. वादकांनी त्यांच्या नकला करून जाड वह्या बांधल्या, परवानगीशिवाय छापल्या आणि हातोहात विकल्या. यांनाच फेक बुक म्हणतात. १९७०च्या दशकाच्या मध्यावर बॉस्टनच्या बर्कली कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी ‘रियल बुक’ तयार केले. तेही बेकायदाच, त्याची अधिकृत आवृत्ती निघायला २००४ साल उजाडले. पण या हस्तलिखित वळणाच्या पुस्तकाने जगभरच्या जॅझवाल्यांची लिपी ठरवली. जॅझच्या कागदांवर दिसणारी चिन्हे अशी: मेजर-सेव्हनला त्रिकोण, मायनरला आडवी रेघ, डिमिनिश्डला लहान शून्य, हाफ-डिमिनिश्डला छेद दिलेले शून्य. त्याच सुमारास, १९७६ साली, कार्ल ब्रँट आणि क्लिंटन रोमर यांनी सगळ्यांसाठी एकच चिन्हपद्धत सुचवणारे पुस्तक काढले. घाईने लिहिताना मोठा एम आणि लहान एम सारखेच दिसतात आणि मेजरचा मायनर होतो, ही त्यांची साधी पण रास्त तक्रार होती. सगळ्यांनी काही ती पद्धत स्वीकारली नाही. आजही एकाच कॉर्डला तीन-चार चिन्हे चालतात.

दरम्यान जॅझ स्वतःच अशा ठिकाणी पोचला होता, जिथे रूट शोधणे निरर्थक ठरू लागले. १९५९ साली माइल्स डेव्हिस यांच्या ‘सो व्हॉट’मध्ये बिल एव्हान्स यांनी चौथ्या-चौथ्या स्वराच्या अंतराने रचलेली कॉर्ड वाजवली: ई, ए, डी, जी आणि वर बी. तिला ई-मायनर-इलेव्हन म्हणता येते. पण त्या गाण्याचा षड्ज डी आहे, आणि कागदावर तर सोळा मात्राखंडांसाठी नुसते डी-मायनर-सेव्हन पुरते. १९६५ साली हर्बी हॅनकॉक यांच्या ‘मेडन व्हॉयेज’मध्ये ए-मायनर-सेव्हन आहे, पण खाली डी. कोणी त्याला डी-सेव्हन-सस म्हणतो (सस म्हणजे तिसऱ्या स्वराऐवजी चौथा), कोणी तिरकी रेघ मारून ‘वर ए-मायनर-सेव्हन, खाली डी’ असे लिहितो. या तिरक्या रेघेत मंक यांची जुनी बोली परत आली आहे आणि १६००च्या ऑर्गनवाल्याचा खर्जही. माझ्या मते कॉर्डलेखनातली ही सर्वांत प्रामाणिक सोय आहे.

आपल्याकडे हे स्वर कागदावरून नाही, कानावरून आले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजला, आणि पुढच्या काळात गोव्याचे वादक जॅझही वाजवू लागले आणि सिनेमाच्या स्टुडिओतही बसू लागले. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले सी. रामचंद्र यांनी १९५१च्या ‘अलबेला’साठी चिक चॉकलेट यांनाच साथीला घेतले होते. ती गाणी रेडिओवरून आणि लग्नातल्या बँडवरून विदर्भाच्या खेड्यांत पोचली. सिक्स कॉर्डचा गोडवा आपल्या कानांना तेव्हापासून परिचित आहे, नाव मात्र फार उशिरा कळले.

आता नाव सांगायला अरेंजर कीबोर्डचा, म्हणजे कॉर्ड धरली की साथ आपोआप वाजवणाऱ्या कीबोर्डचा, पडदा आहे. पण अशा कीबोर्डांच्या माहितीपुस्तिका चाळा. कॉर्ड उलटी धरली तरी यंत्र ओळखते, असे तिथे लिहिलेले असते आणि लगेच अपवादांची यादी येते: सिक्स, मायनर-सिक्स, मायनर-सेव्हन, मायनर-सेव्हन-फ्लॅट-फाइव्ह, सेव्हन-फ्लॅट-फाइव्ह, डिमिनिश्ड, ऑगमेंटेड, सस. वर आलेली जवळपास सगळी मंडळी त्या यादीत आहेत. यंत्राला चलन कळत नाही; अशा वेळी ते सर्वांत खालचे बोट पाहते आणि त्याचेच नाव दाखवते. म्हणून पडद्यावरचे नाव वहीत जसेच्या तसे उतरवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नाटकाच्या साथीत तर खालचा स्वर अनेकदा कीबोर्डवाल्याच्या हातात नसतोच. त्याने उजव्या हाताने सी, ई, जी, ए धरले आणि शेजारच्या ऑर्गनवाल्याने खाली पांढरी सहा दिली, तर ऐकणाऱ्याला ए-मायनर-सेव्हन ऐकू येते. पांढरी एक दिली तर सी-सिक्स. भजनात पेटीचा सा सतत दाबलेला असतो किंवा सूरपेटी चालू असते. पांढरी एकमध्ये गाणे असेल तर तिथे खालून सी हटतच नाही. अशा गाण्याच्या वहीत सी-सिक्स लिहावे. ए-मायनरचीच छटा हवी असेल तर तिरकी रेघ मारून खाली सी लिहावा, आणि ऑर्गनवाल्यासाठी शेजारी ‘खाली पांढरी एक’ एवढे जोडावे.