ऑटोहॉटकी : आवृत्त्या व दुरुस्त्या

ऑटोहॉटकी : कळफलक, माउस व पडद्यावरच्या खिडक्या यांची कामे आपोआप करून घेण्यासाठी विंडोजवर वापरली जाणारी मुक्त स्रोत आज्ञावली आणि तिची स्क्रिप्टभाषा. परवाना जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा, लेखन सी++ मधील. आवृत्ती बदलल्यावर जुन्या मॅक्रोचे (साठवून पुन्हा चालवायच्या कृतिमालिकेचे) काय होते, एवढ्यापुरतीच ही नोंद मर्यादित आहे.

विंडोज ३.० व ३.१ बरोबर ‘रेकॉर्डर’ नावाचा मॅक्रो नोंदवणारा छोटा प्रोग्रॅम मिळत असे. विंडोज ९५ मध्ये तो वगळला गेला. पुढे ती गरज भागवणाऱ्यांत जॉनाथन बेनेट यांचे ऑटोइट (१९९९) महत्त्वाचे. त्यात हॉटकीची (दाबताच ठरलेले काम करणाऱ्या कळेची) सोय असावी, ही ख्रिस मॅलेट यांची सूचना प्रतिसादाविना राहिली. तेव्हा त्यांनी स्वतःच काम हाती घेऊन नोव्हेंबर २००३ मध्ये ऑटोहॉटकीची पहिली चाचणी आवृत्ती प्रसृत केली. ऑटोहॉटकी ही ऑटोइटची शाखा मानावी की स्वतंत्र निर्मिती, याबद्दल एकवाक्यता नाही. आज्ञांची नावे व वाक्यरचना उघडच ऑटोइट २ ची आहे आणि काही भाग ऑटोइट ३ चा स्रोत खुला असताना त्यातून घेतलेला आहे. कळा मध्येच अडवणारी यंत्रणा आणि हॉटस्ट्रिंग (टंकित लघुरूपाच्या जागी पूर्ण मजकूर आणणारी सोय) मात्र मॅलेट यांचे. त्यामुळे ‘शाखा’ हा शब्द आज्ञासंचापुरता वापरणे अधिक योग्य दिसते.

१.०.४८.०५ (२००९) ही मूळ मालिकेतील शेवटची आवृत्ती. दरम्यान, बहुधा २००८-०९ च्या सुमारास, स्टीव्ह ग्रे (लेक्सिकॉस) यांनी ‘ऑटोहॉटकी_एल’ ही समांतर मालिका सुरू केली. युनिकोड, ऑब्जेक्ट व ६४ बिट यांचा आधार तीतून आला. हीच पुढे १.१ म्हणून मुख्य ठरली. तो बदल नेमका केव्हा झाला, हे नामांतर धरावे की अधिकृत स्वीकार, यावर अवलंबून आहे. ६४ बिटवर जाताना डीएलएल कॉल (विंडोजच्या ग्रंथालयातील फंक्शनला थेट हाक) वापरणाऱ्या स्क्रिप्ट अनेकदा कोसळत. पत्ता ४ बाइटच्या ‘यूइंट’ प्रकारात ठेवलेला असे, प्रत्यक्षात त्याला ८ बाइट लागत. तेथे ‘पीटीआर’ हा पत्त्यासाठीचा प्रकार लिहिणे हा उपाय.

२.० ही आवृत्ती २० डिसेंबर २०२२ रोजी आली. ‘अपडेटने मॅक्रो बिघडला’ अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुतेक वेळा नवा दोष नसतो, बदललेले डिफॉल्ट (न सांगता धरले जाणारे मूल्य) असते. सर्वांत फसवा बदल कोऑर्डमोडचा, म्हणजे स्थान कोठून मोजायचे ते ठरवणाऱ्या आज्ञेचा. १.१ मध्ये माउसचे स्थान सक्रिय खिडकीच्या कोपऱ्यापासून मोजले जाई, २.० मध्ये ते शीर्षकपट्टी व कडा सोडून आतल्या भागापासून मोजतात. विंडोज १० वर १०० टक्के आकारमानात साध्या खिडकीत हा फरक आडवा सुमारे ८ व उभा सुमारे ३१ पिक्सेल पडतो. परिणामी ‘सेव्ह’वर नोंदवलेली क्लिक त्याच्या खालच्या बटणावर बसते आणि स्क्रिप्ट कुठलीही चूक दाखवत नाही. स्क्रिप्टच्या आरंभी कोऑर्डमोड ‘माउस’साठी ‘विंडो’ असा ठरवून दिला की जुनी नोंद जागेवर येते.

शीर्षक जुळवण्याची रीतही बदलली : पूर्वी शीर्षकाची सुरुवात जुळावी लागे, आता मजकूर कुठेही चालतो, म्हणून एका शब्दाच्या शीर्षकाने भलतीच खिडकी पकडली जाते. कळा पाठवण्याचा डिफॉल्ट मार्ग सेंडइव्हेंटऐवजी सेंडइनपुट झाला. तो वेगवान आहे; पण त्यात दोन कळांमधले १० मिलिसेकंदांचे अंतर राहत नाही आणि संथ प्रोग्रॅम अक्षरे गाळतात. अशा ठिकाणी सेंडमोड ‘इव्हेंट’ ठेवावा. एररलेव्हल (आज्ञा फसली का, हे नोंदवणारा चल) काढून टाकले, हे मात्र स्वागतार्ह. लक्ष्य खिडकी सापडली नाही तरी १.१ ची स्क्रिप्ट पुढे चालत राही आणि पासवर्डसुद्धा समोर असेल त्या चौकटीत टंकित करी, २.० तेथेच त्रुटी देऊन थांबते.

दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदू शकतात. स्क्रिप्टमधील ‘रिक्वायर्स’ ही कोणती आवृत्ती हवी ते सांगणारी सूचना (१.१.३३ पासून) वाचून लाँचर, म्हणजे स्क्रिप्ट सुरू करून देणारा प्रोग्रॅम, योग्य आवृत्ती निवडतो; ती नसेल तर वाक्यरचनेवरून अंदाज बांधतो, आणि तो चुकू शकतो. १.१ मालिका १.१.३७.०२ (२०२४) पाशी थांबली.

मूळ प्रोग्रॅम मॅक्रो नोंदवत नाही. त्यासाठी आरंभी ऑटोस्क्रिप्टरायटर आणि नंतर पुलोव्हर्स मॅक्रो क्रिएटर वापरात आले.

काही बिघाड विंडोजच्या बाजूने येतात. व्हिस्टापासून सामान्य अधिकाराची स्क्रिप्ट प्रशासक अधिकाराने चाललेल्या खिडकीत कळा पाठवू शकत नाही. विंडोज ७ पासून हुकने (कळा मध्येच अडवणाऱ्या यंत्रणेने) ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही तर तो गुपचूप काढला जाऊ शकतो. मग काही हॉटकी मरतात, काही चालू राहतात आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली की सारे ठीक होते. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये ‘एडिट१’ हा नियंत्रक उरलेला नाही, त्याच्या जागी ‘रिचएडिटडी२डीपीटी१’ आहे. जुन्या नावाने पाठवलेला मजकूर पोहोचत नाही.

देवनागरी हॉटस्ट्रिंग वापरणाऱ्यांना एन्कोडिंगचा प्रश्न वेगळा सतावतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ‘अ‍ॅन्सी’ कोडपेज (युनिकोडपूर्व वर्णसंकेतांचा तक्ता) नाही. १.१ मात्र बॉम (फाइलच्या आरंभीची एन्कोडिंगची खूण) नसलेली फाइल कोडपेजनेच वाचते, आणि विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच बॉमविना यूटीएफ-८ जतन करते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला ३ बाइट लागतात. त्यामुळे ‘मराठी’च्या पाच संकेतांऐवजी पंधरा विचित्र चिन्हे उमटतात. फाइल ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ म्हणून जतन करणे हा १.१ वरील खात्रीचा उपाय. २.० यूटीएफ-८ गृहीत धरते, तेथे हे करावे लागत नाही. रोमन लघुरूप टाइप करताना कळफलक इनस्क्रिप्टवर असेल तर मात्र दोन्ही आवृत्त्यांत हॉटस्ट्रिंग उलगडत नाही, कारण जुळणी कळांवरून नव्हे, त्या कळफलकातून उमटणाऱ्या अक्षरांवरून होते.