लिनक्स कर्नलमधल्या ‘कॉन्फिग_’ नावांची पार्श्वभूमी

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधायला (त्याच्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला) घेतला की कुठले पर्याय चालू आणि कुठले बंद हे सांगणारी ‘.कॉन्फिग’ ही फाइल लागतेच. तिच्यातलं प्रत्येक नाव ‘कॉन्फिग_’ने सुरू होतं आणि बहुतेकदा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असतं. दिसायला हे रूक्षच आहे, पण त्यामागे अवजारांचा जुना हिशोब आहे.

सुरुवातीच्या काळात कर्नलची कॉन्फिगरेशन शेल स्क्रिप्टमधून होत असे. शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम), मेक (कोड बांधणारं अवजार) आणि सी भाषेचा प्रीप्रोसेसर (कंपाइल करण्याआधी कोडवर प्रक्रिया करणारा टप्पा) अशा तिघांनाही तेच नाव चालायला हवं होतं. हायफन सीमध्ये वजाबाकीचं चिन्ह, म्हणून तो बाद. उरली अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. मॅक्रो, म्हणजे प्रीप्रोसेसर ज्यांच्या जागी दुसरा मजकूर घालतो ती नावं, कॅपिटलमध्ये लिहायचे हा सीमधला जुना रिवाज, आणि 1979च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ‘होम’, ‘पाथ’ ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही (प्रोग्रामना मिळणारी नाव-मूल्यं) तशीच लिहिली जात होती. मॅक्रोंना नेमस्पेस, म्हणजे नावांचे वेगवेगळे कप्पे, नसते. नुसतं ‘पीसीआय’ असं नाव ठेवलं असतं तर ते कुठल्या कोडशी कधी भिडेल याचा नेम नव्हता. उपसर्गाने ही टक्कर टळली, शिवाय ‘64बिट’सारखं आकड्याने सुरू होणारं नावही चालू लागलं, जे सीमध्ये एरवी अवैधच.

बंद पर्यायाची ओळ तर गमतीची आहे. ती हॅशने सुरू होते आणि पुढे ‘इज नॉट सेट’ असं लिहिलेलं असतं. शेल आणि मेक तिला टिप्पणी समजून सोडून देतात, कॉन्फिगरेशनचं अवजार मात्र तिचा अर्थ लावतं. टिप्पणीला अर्थ असणं मला अजूनही खटकतं, पण या चालीने तिघांचंही भागतं हे नाकारता येत नाही.

2002मध्ये 2.5 मालिकेत रोमन झिपेल यांची केकॉन्फिग ही पद्धत आली. त्याआधी एरिक रेमंड यांनी पायथनमध्ये लिहिलेली सीएमएल2 पुढे आली होती, ती स्वीकारली गेली नाही. केकॉन्फिगने व्याकरण बदललं, नावं राहिली. फरक एवढाच की पर्यायांची व्याख्या असलेल्या केकॉन्फिग फाइलमध्ये नाव उपसर्गाशिवाय लिहितात आणि सी कोडमध्ये उपसर्गासह. त्यामुळे कोडमधलं पूर्ण नाव ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या अवजाराने शोधलं तर त्याची व्याख्या सापडत नाही. नवखे हमखास इथे अडकतात.

खरी अडचण नाव बदलताना येते. ही नावं जगभर लोकांच्या जुन्या ‘.कॉन्फिग’ फाइलींत पडून असतात, आणि अनोळखी नाव दिसलं की अवजार सहसा ते गुपचूप गाळतं. 2013मध्ये ‘नो_एचझेड’ हा, प्रोसेसर रिकामा असताना टायमरचे ठोके थांबवणारा पर्याय ‘नो_एचझेड_आयडल’ आणि ‘नो_एचझेड_फुल’ असा विभागला गेला. जुनं नाव सुसंगतीसाठी ‘थोडे दिवस’ ठेवतो आहोत, अशा अर्थाचा मजकूर मदतीत घातला. ते थोडे दिवस काही वर्षांत संपले नाहीत.

2024मध्ये प्रोसेसरमधल्या सुरक्षात्रुटींवरच्या उपायांना ‘मिटिगेशन_’ हा समान उपसर्ग मिळाला. अशाच एका उपायाचं, ‘रेटपोलिन’चं, नाव ‘मिटिगेशन_रेटपोलिन’ झालं. मेनूत सगळे उपाय एका ठिकाणी शोधता यावेत म्हणून हे योग्यच होतं. नव्या नावाचं मूळ मूल्य ‘चालू’ असल्याने बहुतेकांना फरक जाणवला नाही. मात्र ज्यांनी जुना पर्याय मुद्दाम बंद ठेवला होता, त्यांनी जुनी फाइल न तपासता पुढे नेली तर तो पुन्हा चालू होऊन बसतो.