अफू : बोंडातल्या चिकापासून मॉर्फिनच्या गोळीपर्यंत

अफूचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा युद्धे आणि अड्डे पुढे येतात. वैद्यकाच्या बाजूने पाहिले, तर प्रश्न मात्रेचा होता. दुखणे थांबवणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत अंतर थोडे, आणि हातातल्या चिकात नेमके किती औषध आहे हे कुणालाच ठाऊक नसे.

ही अनिश्चितता शेतातच सुरू होते. पाकळ्या गळून बोंड भरले, पण अजून हिरवे आहे, अशा वेळी दुपारनंतर तीन-चार पात्यांच्या नश्तराने त्यावर वरवर चिरा देतात. रात्रभर पांढरा चीक पाझरतो, हवेने तपकिरी पडतो आणि सकाळी ऊन तापण्याआधी खरवडून घेतला जातो. एकाच बोंडाला काही दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा चिरा देता येतात. चीर खोल गेली की चीक बोंडाच्या आत उतरतो आणि दाणाही बिघडतो. उथळ राहिली की पुरेसा चीक येत नाही. रात्री पाऊस झाला तर केलेले काम धुऊन जाते. मॉर्फिनचे, म्हणजे अफूतल्या मुख्य वेदनाशामक द्रव्याचे, प्रमाण वाण, जमीन आणि कितवी चीर यांवर बदलते, साधारण ८ ते १४ टक्के. गुंजभर, म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम अफू घेतली, तर तिच्यात कधी १० मिलिग्रॅमच्या आसपास मॉर्फिन असेल, कधी १७. म्हणजे वजन तेच आणि फरक पावणेदोन पट. त्यात ओलावा आणि भेसळ वेगळीच.

चरक-सुश्रुतांत अफू नाही. शार्ङ्गधर संहितेपासून ती ‘अहिफेन’ म्हणून आयुर्वेदात दिसू लागते आणि पुढे अतिसारावर तिचा मोठा आधार होतो. तो अनाठायी नव्हता. मॉर्फिन आतड्याची हालचाल मंदावते, त्यामुळे पाणी शोषले जायला वेळ मिळतो. आज जुलाबावर दिले जाणारे लोपेरामाइड नेमके हेच काम करते. फक्त नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत पोचत नाही. युरोपात १७व्या शतकात इंग्रज वैद्य थॉमस सिडनहॅमने लॉडॅनमचा, म्हणजे मद्यात मुरवलेल्या अफूचा, पाठ रूढ केला: दोन औंस अफू, एक औंस केशर, थोडी दालचिनी आणि लवंग, हे सगळे एक पाइंट कॅनरी मद्यात. पाठ ठरला तरी अफूची ताकद ठरली नव्हतीच.

हा पेच सोडवला एका औषधनिर्मात्याच्या तरुण सहायकाने. जर्मनीतल्या पाडरबोर्नमध्ये फ्रीड्रिख सेर्ट्युर्नरने १८०४-०५च्या सुमारास अफूतला झोप आणणारा पदार्थ वेगळा केला. तो आम्लारीधर्मी निघाला, म्हणून आधी कुणी फारशी दखल घेतली नाही. वनस्पतींतले गुणकारी द्रव्य आम्लधर्मी असणार असा त्या काळचा समज होता. मग त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला: अर्धा ग्रेन (सुमारे ३० मिलिग्रॅम), अर्ध्या तासाने पुन्हा तेवढेच, पाव तासाने आणखी तेवढेच. चौघेही बेजार झाले. शेवटी तीव्र व्हिनेगर पिऊन उलट्या काढाव्या लागल्या. १८१७मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि १८२७पासून मर्क या जर्मन औषध कंपनीने मॉर्फिन विकायला सुरुवात केली. मात्रा प्रथमच मिलिग्रॅमात मोजता आली.

मात्रा अचूक झाली, व्यसन काही सुटले नाही. १८५३मध्ये एडिनबरोच्या अलेक्झांडर वुडने पोकळ सुईची पिचकारी वापरली. औषध पोटातून गेले नाही तर त्याची चटक लागणार नाही, असे अनेक डॉक्टर मानत. प्रत्यक्षात औषध जितके झपाट्याने मेंदूत पोचते तितकी चटक घट्ट बसते. १८९८मध्ये बायर या जर्मन कंपनीने हेरॉइन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. मॉर्फिनच्या रेणूला दोन ॲसिटिल गट जोडले की ते मेंदूत अधिक वेगाने शिरते आणि तिथे त्याचे पुन्हा मॉर्फिनच होते. १९१३मध्ये बायरने उत्पादन थांबवले.

व्यापाराला मात्र ताकदीची हमी फार लवकर जमली होती. १७७३पासून बंगालमधल्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम, ठरलेला भाव आणि माल फक्त कंपनीला. पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यांत चीक सारखा करून त्याचे गोळे वळत, पाकळ्यांच्या वेष्टणात गुंडाळत आणि एका पेटीत ४० गोळे भरत. पेटी कलकत्त्याच्या लिलावात विकली की कंपनी नामानिराळी. बंदी असलेल्या चीनमध्ये ती न्यायची जबाबदारी खासगी जहाजांची. १८३९मध्ये चिनी सम्राटाचा आयुक्त लिन झेश्यूने हुमेनला २०,०००हून अधिक पेट्या जप्त करून पाणी, मीठ आणि चुन्याच्या खड्ड्यांत नष्ट करवल्या. पुढचे ब्रिटन-चीन अफू युद्ध आणि १८४२चा नानजिंगचा तह सर्वज्ञात आहे.

माळव्यात संस्थाने असल्याने तिथे मक्तेदारी चालेना. म्हणून कंपनीने मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर पास-जकात बसवली. १८४३मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची पळवाट बंद झाली आणि जकात वाढवता आली. मुंबईतल्या अनेक पेढ्या कापसाइतक्याच अफूवरही वाढल्या. जमशेटजी जीजीभाईंची संपत्तीही त्यातलीच, जे. जे. रुग्णालयाच्या देणगीमागे हा व्यापारही आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

अफूच्या चौकशीसाठी नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशनने १८९५मध्ये भारतातला वापर बहुतांशी मर्यादित असल्याचे म्हटले. बाळागोळी या हिशेबात कुठे बसते? मुंबईच्या गिरणी कामगार बायका मूल दिवसभर निजावे म्हणून त्याला अफू घातलेली गोळी देत. पाळी दहा-बारा तासांची आणि मूल सांभाळायला कुणी नाही, यात आईला दोष देणे सोपे आहे. तान्ह्याच्या शरीरातून मॉर्फिन हळू बाहेर पडते आणि त्याचे श्वासकेंद्र अधिक नाजूक असते, त्यामुळे गोळी जराशी कडक निघाली की मूल उठतच नसे. जगले तरी भूक मरायची, शौचाला खडा धरायचा आणि मूल वाळत जायचे.

१९०९ची शांघाय परिषद, १९१२चा हेग करार, १९६१चा एकल करार आणि भारतातला १९८५चा एनडीपीएस (अमली पदार्थांवरचा) कायदा, अशी नियंत्रणाची वाट आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात आजही परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. तरीही १९८५नंतर रुग्णालयांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसे झाले. राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने आणि छोट्या चुकीला कठोर शिक्षा, म्हणून औषध दुकानांनी ते ठेवणेच सोडले. २०१४च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सोपी केली. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत, आधी अशी औषधे न घेतलेल्या प्रौढाला साधारणतः ५ ते १० मिलिग्रॅमपासून दर चार तासांनी गोळी सुरू होते. म्हातारा किंवा मूत्रपिंड अशक्त असलेला रुग्ण असेल तर मात्रा कमी आणि अंतर जास्त. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र नाही. म्हणून रेचक पहिल्याच दिवसापासून जोडीला लिहावे लागते.